जुन्या संगणकावर घरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण: सांगली जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं एक गाव. तिथं रस्त्याकडेचं दुमजली घर, पुढे अंगण, मागे परसदार, आणि घरापासून साठ-पासष्ट मीटरवर पत्र्याचं शेड. शेडमध्ये पंपाचं सामान, खताची पोती आणि मोटारीच्या केबलची भेंडोळी असत. घरी निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. मुलगा पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील वगळले आहेत.

घरावर २०१६ पासून चार अ‍ॅनालॉग कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा एक डीव्हीआर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेडमधून तांब्याची केबल चोरीला गेली. चित्रण काढायला डीव्हीआर उघडला तर टीव्हीवर चारही चित्रं व्यवस्थित दिसत होती, मागचं चित्रण मात्र एका दिवसाचंही नव्हतं. आतली हार्ड डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. डिस्क सापडत नसली की वाजणारा बझर त्रास होतो म्हणून कोणीतरी कधीतरी बंद करून ठेवला होता.

याच घरात २०१३ साली जोडून घेतलेला एक संगणक पडून होता: तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची डिस्क आणि एक जुनं ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. या संगणकाचं काय करायचं हा प्रश्न तसाही समोर होताच.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता अडचण "डीव्हीआर बिघडला" एवढीच. पण डिस्क बंद पडणं हा बिघाडाचा लहान भाग होता. ती बंद पडल्याचं कोणाला कळलं नाही, हा मोठा भाग. त्यामुळे मागणी अशी ठरली: चार कॅमेऱ्यांचं किमान तीस दिवसांचं अखंड चित्रण राहावं, वीज गेली-आली तरी यंत्रणा कोणी हात न लावता पुन्हा सुरू व्हावी, आणि चित्रण थांबलं तर तासाभरात पुण्यात कळावं. शेवटच्या दोन मागण्या कागदावर लिहिल्या गेल्या, पण काम करताना पहिल्या महिन्यात त्यांच्याकडेच दुर्लक्ष झालं.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय जुन्या डीव्हीआरमध्ये नवी डिस्क टाकण्याचा. सर्वांत स्वस्त. पण कॅमेरे ७२० पी चे, दोन गंजलेले, आणि डीव्हीआरसाठी नवी दुरुस्ती-आवृत्ती येणं कधीच थांबलेलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातल्या मूळ पासवर्डवरून ताब्यात घेतले होते. असलं जुनं यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणं मुलाला पटलं नाही.

दुसरा पर्याय तयार एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा. जोडा आणि विसरा. यात पैशाचा हिशेब प्रामाणिकपणे करायला हवा होता, आणि तो केला गेला. नवे कॅमेरे, केबल, पीओई स्विच (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आणि चित्रणाची डिस्क हा खर्च दोन्हीकडे सारखाच. म्हणजे जुना संगणक वापरून वाचणार ती फक्त एनव्हीआरच्या डब्याची किंमत, साधारण पाच हजार. त्यातून एक छोटी एसएसडी आणि जास्तीचं लॅन कार्ड मिळून दोनेक हजार वजा. खरी बचत तीन हजारांची.

आता वीज. संगणक सतत ४७ वॉट खातो असं धरलं तर महिन्याला सुमारे ३४ युनिट होतात. डिस्कसह एनव्हीआर १२ वॉटच्या आसपास, म्हणजे जेमतेम ९ युनिट. महिन्याला २५ युनिटचा फरक. युनिटला दहा रुपये धरले तर अडीचशे रुपये. वर्षभरात तीन हजारांची बचत विजेच्या बिलात जाते. "जुना संगणक आहे, फुकटात होईल" असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

तरीही संगणकच निवडला गेला. कारणं तीन. चित्रण साध्या फायलींत राहतं, ते कुठल्याही यंत्रावर उघडतं. बिघडलेला भाग गावाजवळच्या दुकानात मिळतो. आणि "चित्रण थांबलं" ही सूचना हवी तशी बसवता येते. स्वस्त एनव्हीआरमध्ये डिस्क मेल्याची सूचना बहुधा कंपनीच्या अ‍ॅपवर अवलंबून असते. आधीचा अनुभव ध्यानात घेता तिसरं कारण वजनदार होतं.

तिसरा पर्याय होता मेमरी कार्डवाले वायफाय कॅमेरे. शेडपर्यंत वायफाय पोचत नव्हतं आणि चोराने कॅमेरा उचलून नेला की चित्रणही जातं. तो लगेच बाद झाला.

यंत्राची तयारी

एप्रिलमध्ये काम सुरू झालं. कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअरने धूळ काढली. पंखा हाताने धरून ठेवायचा, नाहीतर ब्लोअरच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरचा कूलर काढला तेव्हा थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी निघाली, ती पुसून नवी लावली. रॅमचे सोनेरी दात खोडरबरने घासले आणि आणखी ४ जीबी बसवली. बोर्डावर प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरची डोकी सपाट आहेत ना, हे टॉर्च धरून पाहिलं. डोकं फुगलेलं किंवा वर तपकिरी पापुद्रा असला तर तो बोर्ड चोवीस तासांच्या कामाला घेऊ नये. रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट चालवली, चूक निघाली नाही.

ग्राफिक्स कार्ड काढून प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरलं. वॉटमीटरवरचा आकडा ६६ वरून ४७ वर आला. एका स्क्रूच्या कामात महिन्याचे साडेतेरा युनिट वाचले.

जुनी ५०० जीबीची डिस्क चित्रणाला वापरावी असा आग्रह घरून होता. डिस्कच्या तब्येतीच्या "स्मार्ट" अहवालात "पेंडिंग सेक्टर" आठ निघाले. शून्याच्या वरचा कोणताही आकडा म्हणजे डिस्कला काही जागा वाचता येत नाहीये. ती बाजूला ठेवली आणि पाळत ठेवण्याच्या कामासाठीच बनवलेली ४ टीबीची डिस्क घेतली. अशा डिस्क वर्षाला १८० टीबी वाचन-लेखनासाठी मानांकित असतात. इथे वर्षाला सुमारे ३२ टीबी लिहिलं जाणार होतं.

तो ३२ चा आकडा कसा आला ते पाहणं उपयोगी आहे. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, सेकंदाला १५ चित्रं, प्रत्येकाचा वेग (बिटरेट) सेकंदाला २ मेगाबिट. चारांचे ८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, दिवसाला ८६.४ जीबी. ४ टीबीची डिस्क नव्वद टक्के भरू द्यायची ठरवलं तर एकेचाळीस दिवस पुरते. कॅमेऱ्यांत बिटरेट "स्थिर" ठेवणं गरजेचं. "बदलता" ठेवला तर रात्रीच्या दाणेदार चित्राने आणि पावसाच्या धारांनी तो फुगतो आणि पावसाळ्यात दिवसांचा हिशेब कोलमडतो.

एसएसडीवर पडदा-खिडक्यांशिवायचं, म्हणजे फक्त टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारं डेबियन लिनक्स टाकलं. दुसऱ्या लॅन कार्डावर फक्त कॅमेऱ्यांचं जाळं ठेवलं, १९२.१६८.५० या मालिकेत, प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा पत्ता. या जाळ्यातून इंटरनेटला वाटच नाही. बाहेरून बघण्यासाठी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडलं नाही. फायबर कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बहुतेकदा काही साधत नाही. त्याऐवजी टेलस्केल या सेवेने पुण्यातला फोन आणि गावचा संगणक एका खासगी जाळ्यात आणले.

चित्रण कसं साठवायचं: पहिला निर्णय चुकला

सुरुवातीला मोशनआय हा प्रोग्राम बसवला. हालचाल दिसली की चित्रण करायचं, असा बेत. चारही कॅमेरे जोडताच प्रोसेसर सत्तर-ऐंशी टक्क्यांवर गेला आणि एप्रिलच्या दुपारी तापमान ८० अंशांना टेकलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅमेरा आधीच चित्र दाबून, एच.२६४ या पद्धतीने गुंडाळून पाठवतो. हालचाल शोधायची तर संगणकाला प्रत्येक चित्र उलगडावं लागतं, आधीच्या चित्राशी ताडावं लागतं, आणि साठवताना पुन्हा गुंडाळावं लागतं. सगळी ताकद या उलगडण्या-गुंडाळण्यात जाते.

फ्रिगेट या प्रोग्रामचाही विचार झाला. पण त्यातली माणूस आणि वाहन ओळखण्याची सोय इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर चालवायची तर सहाव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर तो हट्ट नको असं ठरलं.

शेवटी निवड झाली ती अगदी साध्या मार्गाची. एफएफएमपेग हा प्रोग्राम प्रत्येक कॅमेऱ्याकडून थेट चित्राचा (आरटीएसपी) प्रवाह टीसीपीवरून घेतो आणि काहीही न उलगडता "कॉपी" पद्धतीने जसाच्या तसा डिस्कवर ओततो. दर दहा मिनिटांनी नवी फाइल, नावात तारीख आणि वेळ, प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा फोल्डर. चार कॅमेऱ्यांच्या चार सेवा लिनक्समधले प्रोग्राम सुरू-बंद सांभाळणाऱ्या सिस्टमडीत नोंदवल्या, बंद पडली तर दहा सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू. प्रोसेसर तीन-चार टक्क्यांवर आला. हालचालीवर अवलंबून न राहता चोवीस तासांचं सलग चित्रण मिळालं, हा फायदा वेगळाच. हालचाल ओळखण्यात चूक झाली तर हवा तोच मिनिट हरवतो, आणि रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात येणारे किडे व कोळ्याची जाळी ती चूक रोज करायला लावतात.

थेट चित्र बघायला गो-टू-आरटीसी हा प्रोग्राम ठेवला. तो प्रत्येक कॅमेऱ्याशी एकच जोडणी करून घरातल्या सगळ्या फोनना चित्र वाटतो. कॅमेरे एका वेळी मोजक्याच जोडण्या देतात, त्यामुळे हा मध्यस्थ हवाच.

एच.२६५ निवडलं असतं तर जवळपास निम्मी जागा वाचली असती, आणि नुसती नक्कल करायला प्रोसेसरची पिढी आड येत नाही. पण फाइल जिथे उघडायची तिथलं यंत्र जुनं असू शकतं. एच.२६४ कुठेही चालतं, म्हणून तेच ठेवलं.

वळीव आणि एफ-वन

मे महिन्यात एका मंगळवारी वळवाचा पाऊस आला, तारेवर झाड पडलं आणि वीज चौदा तास गेली. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी संपली आणि सगळं बंद पडलं. बुधवारी सकाळी वीज आली. मुलाने फोन केला तेव्हा वडील म्हणाले, "अरे, डब्याचा दिवा लागलाय, पंखा पण फिरतोय. चालूच आहे की."

दिवा लागला होता, पंखा फिरत होता, आणि चित्रण शून्य होतं. टेलस्केलवर यंत्र दिसत नव्हतं, पण फायबरही तुटलेलं असल्याने ते इंटरनेटमुळेच असावं असं धरलं गेलं. शनिवारी मॉनिटर जोडल्यावर पडद्यावर दोन ओळी दिसल्या: घड्याळाची सेटिंग चुकली आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. "तात्या, कीबोर्ड जोडा आणि एफ-वन दाबा," असं मुलाने वडिलांना सांगितलं, एवढ्यावर यंत्र सुरू झालं. वीज येऊनही तीन दिवस ते एका कळीची वाट बघत उभं होतं.

बोर्डावरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलचा दाब मल्टिमीटरवर १.९ व्होल्ट निघाला. नवा सेल ३ व्होल्टच्या वर असतो. प्लग लावलेला असतो तोवर एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला स्टँडबाय वीज देत राहतो, त्यामुळे मेलेला सेल उघडा पडत नाही. प्लगची वीज पूर्ण गेली की बोर्ड घड्याळही विसरतो आणि सेटिंगही. याची सूचना आधीच मिळाली होती: एप्रिलमध्ये रॅम बसवताना हाच संदेश दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा एफ-वन दाबून काम पुढे नेलं गेलं. चाचणीही "रीस्टार्ट" करून घेतली होती, भिंतीतला प्लग काढून नाही. या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच, आणि तो निर्णय आहे हे तेव्हा कोणाला जाणवलंही नाही.

त्याच शनिवारी आणखी दोन गोष्टी उघडकीला आल्या. वीज जातानाच्या शेवटच्या चारही फायली उघडेनात. त्या एमपी४ होत्या. एमपी४ मध्ये चित्रं कुठे आहेत याची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. वीज मध्येच गेली की अनुक्रमणिका राहून जाते आणि आतलं सगळं चित्रण असूनही फाइल उघडत नाही. वीज तोडून चोरी करणाऱ्याचं चित्रण नेमकं त्याच फाइलमध्ये असतं. त्या दिवसापासून फायली एमकेव्ही केल्या. तिथे वीज गेली तर शेवटचे काही सेकंदच जातात.

दुसरी गोष्ट घड्याळाची. फायबर अजून बंद असल्याने संगणकाला बाहेरून वेळ मिळाली नाही आणि शनिवारचं दुपारपर्यंतचं चित्रण भलत्याच, जुन्या वर्षाच्या तारखेने साठलं. कॅमेरे वेळ या संगणकाकडूनच घेत असल्याने चित्रावरचा शिक्काही चुकला. जागा भरली की "नावाने सर्वांत जुनी फाइल आधी पुसा" असा नियम होता. त्या नियमाने सर्वांत ताजं चित्रणच आधी पुसलं असतं. वेळ जुळेपर्यंत चित्रण सुरूच करू नये, असा एक उपाय चर्चेला आला. तो नाकारला, ते बरोबरच झालं: चुकीच्या वेळेचं चित्रण नंतर हिशेबाने जुळवता येतं, न झालेलं चित्रण कुठून आणणार? नवा सेल बसवला आणि पुसण्याच्या नियमात "चालू वर्षाबाहेरच्या तारखेला हात लावू नये, फक्त कळवावं" अशी भर घातली. ही भर डिसेंबर-जानेवारीत अडचणीची ठरेल, म्हणून नंतर ती "गेल्या साठ दिवसांबाहेरची" अशी बदलली.

बोर्डाच्या सेटिंगमध्ये (बायोसमध्ये) "वीज परतल्यावर सुरू हो" आणि "चूक असली तरी एफ-वनसाठी थांबू नको" या दोन्ही सेटिंग केल्या. मग खरी चाचणी: प्लग काढून अर्धा तास थांबायचं, कीबोर्ड-मॉनिटर न जोडता प्लग लावायचा, आणि पाच मिनिटांत चारही फोल्डरमध्ये नवी फाइल वाढतेय का ते फोनवरून बघायचं. तीन वेळा केली.

इन्व्हर्टरचा घोळ

वीज गेली की संगणक इन्व्हर्टरवर जाताना कधी टिकायचा, कधी रीस्टार्ट व्हायचा. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असा खटका असतो. तो यूपीएसवर टाकल्यावर अदलाबदल इतकी झटकन होते की संगणकाला कळत नाही. पण यूपीएसवर असताना इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज स्वीकारत नाही. या गावात संध्याकाळी दाब १७० च्या आसपास उतरतो. परिणामी वीज असूनही घर रोज तीन तास बॅटरीवर चालायला लागलं आणि रात्री खरोखर वीज गेली तेव्हा बॅटरी अर्धी होती.

खटका पुन्हा इकोवर नेला आणि फक्त संगणक, पीओई स्विच व राउटर यांच्यासाठी इन्व्हर्टरच्या पुढे ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावला. तिन्हींचा मिळून भार ९० वॉटच्या आत. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असल्याने हे जमलं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर छोटे यूपीएस पुष्कळदा वीज ओळखतच नाहीत.

कॅमेऱ्यांची बाजू

नवे कॅमेरे घेताना एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या चाचणीचं प्रमाणपत्र पाहिलं. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या नव्या अटी लागू आहेत. कॅमेऱ्यातली वेळ मूळची जीएमटी अधिक आठवर होती, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. ती बदलायला एक कॅमेरा राहून गेला आणि आठवडाभर परसदारात रात्री नऊ वाजता साडेअकराचा शिक्का पडत होता.

शेडचा कॅमेरा दिवसभर उत्तम चालायचा आणि अंधार पडला की दर काही मिनिटांनी गायब व्हायचा. आधी कॅमेरा बदलला, मग स्विचचं पोर्ट बदललं. दोष केबलचा होता. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसलं. अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्याची भूक वाढते, लांब तारेत दाब पडतो आणि कॅमेरा पुन्हा सुरू होत राहतो. शुद्ध तांब्याची केबल ओढल्यावर प्रश्न मिटला. केबल घेताना पेटी उचलून वजन पाहावं आणि टोक खरवडूनच घ्यावी.

फाटकावरच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची ओसरी येत होती. तेवढा भाग कॅमेऱ्यातच काळ्या चौकोनाने झाकला आणि शेजाऱ्यांना फोनवर चित्र दाखवलं.

कळवण्याची सोय

पहिली रचना अशी: दर दहा मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चारही फोल्डर तपासते. सर्वांत नवी फाइल बारा मिनिटांपेक्षा जुनी असेल किंवा तिचा आकार वाढत नसेल तर टेलिग्रामवर संदेश. वळवाच्या वेळी हिने काहीच कळवलं नाही, कारण कळवणारा संगणकच उभा नव्हता.

म्हणून उलटी बाजूही बसवली. सगळं ठीक असेल तर संगणक दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एका सेवेला "आहे" एवढा निरोप पाठवतो. निरोप अर्धा तास आला नाही की ती सेवा मुलाच्या फोनवर कळवते. वीज गेलेली असो, फायबर तुटलेलं असो की यंत्र एफ-वनवर थांबलेलं असो, गप्प बसणं हीच सूचना ठरते.

जुलैमध्ये या तपासणीने एक वेगळीच गोष्ट पकडली. डिस्कची साटा केबल सैल होऊन एका रीस्टार्टनंतर ४ टीबीची डिस्क जोडलीच गेली नाही. फोल्डरचं नाव तेच असल्याने चित्रण छोट्या एसएसडीवर साठू लागलं, आणि ती भरली असती तर लिनक्सही अडखळलं असतं. "रिकामी जागा अचानक कमी" असा संदेश आला म्हणून वाचलं. आता प्रत्येक सेवा सुरू होण्याआधी डिस्क खरोखर जोडली आहे का हे तपासते आणि नसेल तर लिहायला नकार देते.

निष्पत्ती

सप्टेंबरमध्ये, गणपतीनंतरच्या आठवड्यात, रात्री पावणेतीनला दोघं शेडमध्ये शिरले. केबलचं एक भेंडोळं गेलं. या वेळी चित्रण होतं: येण्यापासून जाण्यापर्यंतची अकरा मिनिटं, दोन कॅमेऱ्यांत, बरोबर वेळेसह. त्या दिवसाच्या सगळ्या फायली लगेच न पुसल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये नेल्या, प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा; फाइल जराही बदलली तर तो बदलतो) काढून लिहून ठेवला आणि पेनड्राइव्हवर प्रत पोलिसांना दिली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश नोंदवायचा असतो. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा एक भाग, तज्ज्ञाचा दुसरा. फायलींचं स्वरूप न बदलता, मूळ जशीच्या तशी द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती पुन्हा दाबली जाते आणि हॅश जुळत नाही.

पण चेहरे ओळखू आले नाहीत आणि मोटारसायकलचा नंबरही नाही. फाटकाच्या कॅमेऱ्यात नंबरप्लेट इन्फ्रारेडच्या झोताने पांढरा ठिपका झाली होती. चाल, अंगकाठी, गाडीचा प्रकार, दिशा आणि वेळ एवढं मिळालं. तपासाला त्याचा उपयोग झाला, ओळख पटवायला ते पुरलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी लेन्स. चारही कॅमेरे २.८ मिमीचे घेतले, कारण "जास्त दिसतं". अनोळखी माणूस ओळखायला दर मीटरला २५० पिक्सेल लागतात असा प्रमाणित निकष आहे. ओळखीचा माणूस पटायला १२५ पुरतात. २.८ मिमीच्या लेन्समध्ये आठ मीटरवर सुमारे वीस मीटर रुंदीचं दृश्य बसतं. १९२० पिक्सेल वीस मीटरवर पसरले की मीटरला ९६ येतात. ६ मिमीची लेन्स असती तर त्याच अंतरावर पावणेआठ-आठ मीटर रुंदी, म्हणजे मीटरला २४० च्या वर. फाटकाला एक ६ मिमीचा कॅमेरा छातीच्या उंचीच्या थोडा वर आणि अंगणाला रुंद लेन्सचा, अशी वाटणी हवी होती. संगणकावर घातलेल्या तासांपैकी दोन तास या मोजणीला दिले असते तर सप्टेंबरचा निकाल कदाचित वेगळा लागला असता.

शेडपर्यंत तांब्याची उघडी केबल ओढणं धोक्याचं आहे. वळवात विजेचा लोळ जवळ पडला तर त्याच तारेतून स्विच, लॅन कार्ड आणि संगणक एकाच वेळी जाऊ शकतात. साठ मीटरला फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे डबे) हाच योग्य मार्ग होता. तो आता पुढच्या उन्हाळ्याच्या कामात धरला आहे.

यंत्राबद्दल बोलायचं तर, घरात पडून असलेला डेस्कटॉप सुरुवातीला ठीक. पण कार्यालयांतून निघालेले सहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे छोटे मिनी पीसी १०-१५ वॉटवर चालतात, एच.२६५ सहज उलगडतात आणि त्यांच्यावर माणूस ओळखण्याची सोयही चालते. फक्त चित्रणाची मोठी डिस्क आत मावते का, की बाहेर जोडावी लागेल, ते घेण्याआधी पाहावं. या घरात वर्षभराचं वीजबिल बघून तसा बदल करायचं ठरलं आहे. डिस्क, स्विच, केबल आणि सगळ्या स्क्रिप्ट तशाच पुढे जातील.

आणि सेल. जुना संगणक कुठल्याही चोवीस तासांच्या कामाला लावायचा तर सीआर२०३२ मोजत बसू नये, पहिल्याच दिवशी नवा टाकावा. या घरी आता कॅबिनेटच्या बाजूला पट्टी चिकटवली आहे: सेल बदलल्याची तारीख, आणि खाली "दर महिन्याच्या एक तारखेला प्लग काढून तपासणे". तपासणी वडील करतात. प्लग लावल्यावर पाच मिनिटांनी फोनवर चारही फोल्डर उघडून ते वहीत वेळ लिहितात.